कॉम्प्रेसर नेमकं काय ऐकतो?

कॉम्प्रेसरमध्ये शिरलेला आवाज दोन वाटांनी जातो. एका वाटेवरचा आवाज दाबला जाऊन बाहेर पडतो आणि तोच आपल्या कानी येतो. दुसरी वाट आतल्या आत संपते. तिच्यावर आवाजाचं रूपांतर विजेच्या चढत्या-उतरत्या व्होल्टेजमध्ये होतं आणि ते व्होल्टेज पहिल्या वाटेवरच्या गेनला हुकूम सोडतं: इतका खाली ये, आता वर जा. ही दुसरी वाट म्हणजे साइडचेन, आणि तिच्यावर बसलेला डिटेक्टर हा या पुस्तकाचा विषय. त्याचा आवाज कधी कुणी ऐकलेला नसतो, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

थ्रेशोल्ड आणि रेशो हा सरळ हिशेब आहे. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलवर आहे, रेशो ४:१ आहे आणि आवाज थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो २ डेसिबलच वर राहतो. म्हणजे ६ डेसिबलची कपात. एका दुपारी हे शिकून होतं. पण आवाज ८ डेसिबल वर गेला हे ठरवलं कोणी? डावीकडचा गेला की उजवीकडचा? क्षणभर उसळला तेवढं पुरे, की काही काळ वर टिकायला हवा? आणि खाली आल्यावर गेन पूर्ववत करायला किती वेळ घ्यायचा? या प्रश्नांना प्रत्येक यंत्र आपापलं उत्तर देतं. माझ्या मते कॉम्प्रेसरचा स्वभाव या उत्तरांतच असतो. ट्यूब गोड की ट्रान्झिस्टर, हा वाद त्याच्या बराच नंतरचा.

या यंत्राचा जन्म संगीतासाठी झाला नाही. रेडिओच्या ट्रान्समीटरला ठरावीक मर्यादेपलीकडचा आवाज सोसत नाही. आवाजाने ती ओलांडली की प्रसारण फाटतं आणि शेजारच्या स्टेशनलाही त्रास होतो. सुरुवातीला एक माणूस मीटरवर डोळे आणि नॉबवर हात ठेवून बसायचा. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेस्टर्न इलेक्ट्रिक, आरसीए अशा अमेरिकी कंपन्यांनी हे काम करणारे अँप्लिफायर बाजारात आणले. त्यांचं काम एका ओळीत सांगता येईल: झटकन दाबा, हळूहळू सोडा. झटकन अशासाठी, की ट्रान्समीटर वाचावा. हळूहळू अशासाठी, की श्रोत्याला कळू नये. हे दोन वेग कपॅसिटर आणि रेझिस्टर कारखान्यातच ठरवून मोकळे होत. अटॅक (दाबायचा वेग) आणि रिलीज (सोडायचा वेग) ही संगीताची साधनं आहेत ही कल्पना तेव्हा कुणाच्या मनात नव्हती आणि सगळा मामला मोनो असल्यामुळे डावं-उजवं हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आणला स्टिरिओ रेकॉर्डने. लंडनमध्ये ईएमआयचे अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ सालीच स्टिरिओचं पेटंट मागितलं होतं आणि एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनल कोरायची युक्ती त्यात होती. पण तशा रेकॉर्ड दुकानांत यायला १९५८ उजाडलं. या पद्धतीत दोन्ही चॅनलमध्ये सारखा असलेला आवाज सुईला आडवा हलवतो आणि दोहोंतला फरक तिला वर-खाली हलवतो. हा फरक, विशेषतः खालच्या सुरांत, फार वाढला की खाच एके ठिकाणी उथळ होते आणि सुई उडी मारते. दुसरीकडे ती नको इतकी खोल जाते. रेकॉर्ड कापणाऱ्या इंजिनिअरला म्हणून दोन वेगवेगळे लिमिटर हवे होते, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या.

१९५९ च्या सुमारास आलेल्या फेअरचाइल्ड ६७० ने नेमकं हेच दिलं. मूळचे एस्टोनियाचे इंजिनिअर राइन नार्मा यांनी रचलेलं हे यंत्र वजनाला तीसएक किलो, आत वीस ट्यूब. त्यावरच्या एका स्विचने डावी आणि उजवी बाजू स्वतंत्र दाबता येते, किंवा दोहोंची बेरीज एकीकडे आणि वजाबाकी दुसरीकडे अशी फोड करून दाबता येते. आज ज्याला आपण मिड-साइड म्हणून प्लगइनमध्ये सर्रास वापरतो, ते स्टुडिओत आलं सुईच्या सोयीसाठी. त्याचा ऐकण्यातला परिणाम मात्र मोठा आहे. बेरीज आणि वजाबाकी वेगवेगळ्या दाबल्या तरी मध्यभागी असलेला गायक डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त सगळं चित्र रुंद किंवा अरुंद होतं. डावी आणि उजवी वेगवेगळ्या दाबल्या, तर तो सरकतो. हा फरक मनात पक्का झाला की स्टिरिओ डिटेक्शनचा अर्धा विषय समजला म्हणायला हरकत नाही.

फेअरचाइल्डची दुसरी देणगी वेळेची. अटॅक आणि रिलीज असे दोन नॉब त्यावर नाहीत. सहा जागांचा एक स्विच आहे. पहिल्या जागेवर अटॅक ०.२ मिलिसेकंद आणि रिलीज ०.३ सेकंद. पुढच्या जागांवर रिलीज वाढत पाच सेकंदांपर्यंत जातो. खरी गंमत शेवटच्या दोन जागांवर आहे. सहाव्या जागेवर एखादंच टोक आलं तर यंत्र ०.३ सेकंदात सोडतं, टोकांमागून टोकं आली तर दहा सेकंद घेतं आणि आवाज सतत चढाच राहिला तर पंचवीस. म्हणजे किती वेळात सोडायचं हे आधी काय घडून गेलं त्यावर ठरतं. पुढच्या साठ वर्षांत ‘ऑटो रिलीज’ या नावाने जे जे आलं, त्याचं एक मूळ या स्विचमध्ये सापडतं.

यानंतर घराणी फुटली. त्यांची नावं गेन कमी करणाऱ्या भागावरून पडली असली, तरी एकेका घराण्याची वेळेची आणि जोडणीची सवय त्या भागातूनच येते, म्हणून हा इतिहास इथे आवश्यक आहे. ऑप्टिकल घराण्याचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे जिम लॉरेन्स यांच्या टेलिट्रॉनिक्स कंपनीने १९६० च्या दशकात एलए-२ए बनवला. त्यात आवाजाच्या जोरानुसार एक छोटी पट्टी उजळते आणि तिच्यासमोरचा प्रकाशाला संवेदनशील रेझिस्टर त्या उजेडाने बदलतो. अटॅक सरासरी दहा मिलिसेकंद. रिलीजची निम्मी वाटचाल साधारण साठ मिलिसेकंदांत होते आणि उरलेल्या निम्म्याला अर्धा ते पाच सेकंद लागतात. किती लागतील हे पट्टी किती वेळ आणि किती उजळली होती यावर. वेळेचा एकही नॉब नाही, आणि तरी भल्याभल्या गायकांचे आवाज यातून गेले आहेत.

नेमकं उलटं टोक म्हणजे बिल पटनम यांचा ११७६, १९६० च्या दशकाच्या अखेरचा. त्यात एफईटी ट्रान्झिस्टर आहे आणि अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. म्हणजे त्याचा सर्वांत संथ अटॅकसुद्धा एक मिलिसेकंदाच्या आत. रिलीज ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. या दोन्ही नॉबवर घड्याळाच्या दिशेने गेलं की वेग वाढतो, बहुतेक यंत्रांच्या उलट, आणि नवशिक्यांची यावर हमखास फसगत होते. इंग्लंडात नीव्हने १९६९ मध्ये २२५४ आणला तो डायोड ब्रिजवर चालणारा. त्याचे चाहते आजही कमी नाहीत, पण आपल्या मुद्द्याला त्याची फार गरज नाही.

आपल्या मुद्द्याला खरी कलाटणी दिली डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने, १९७० च्या दशकात. दोन ट्यूब किंवा दोन ऑप्टिकल सेल तंतोतंत सारखे कधीच नसतात. दोघांना एकच हुकूम दिला तरी एक पाच डेसिबल दाबतो आणि दुसरा साडेपाच. त्यामुळे दोन मोनो यंत्रं तारेने जोडून स्टिरिओ करणं म्हणजे जुळणी, ताडणी आणि पुन्हा जुळणी. ब्लॅकमर यांच्या व्हीसीएमध्ये, म्हणजे व्होल्टेजच्या हुकमावर गेन बदलणाऱ्या अँप्लिफायरमध्ये, हुकमाचं व्होल्टेज आणि गेनचे डेसिबल यांचं नातं सरळ आहे, इतक्या व्होल्टेजला इतके डेसिबल. दोन व्हीसीएना एकच व्होल्टेज द्या, दोन्ही बाजू सारख्याच उतरतील. त्याला जोड होती आरएमएस डिटेक्टरची, जो क्षणाचं टोक न पाहता आवाजातली सरासरी ऊर्जा मोजतो. डीबीएक्स १६० वर म्हणून अटॅक-रिलीजचे नॉबच नाहीत. जोडणीचा प्रश्न असा सुटल्यावरच संपूर्ण मिक्सवर बसणारा बस कॉम्प्रेसर सोयीचा झाला. एसएसएलच्या कन्सोलवरचा तो चौकोन जगभरच्या पॉप संगीताला ‘ग्लू’ म्हणून माहीत आहे: अटॅक ०.१ पासून ३० मिलिसेकंदांपर्यंत सहा पायऱ्यांत, रिलीज ०.१ ते १.२ सेकंद आणि शेवटी ऑटो.

आता प्रत्यक्ष आवाजाकडे. एक साधा मिक्स घेऊ: गायिका मध्यभागी, तबल्यातला दायां उजवीकडे, डग्गा डावीकडे, मागे तंबोरे पसरलेले. सगळ्यावर एक स्टिरिओ कॉम्प्रेसर लावला आहे आणि दोन्ही चॅनलचे डिटेक्टर सुटे आहेत. डग्ग्यावर जोरकस ‘घे’ वाजला की डावा चॅनल पाच डेसिबल खाली येतो, उजवा हलत नाही. गायिका दोन्ही चॅनलमध्ये सारखी असते म्हणून मध्यभागी वाटते. डावीकडची ती एकदम कमी झाली की ती उजवीकडे सरकते आणि रिलीज पूर्ण होईपर्यंत हळूहळू परत येते. दर ‘घे’ला हाच प्रकार. स्पीकरवर दुर्लक्ष होईलही, पण हेडफोनवर ही डुलणारी गायिका असह्य होते.

लिंक लावला, म्हणजे दोन्ही डिटेक्टर जोडले, की डुलणं थांबतं. मग दुसरी तक्रार सुरू होते. आता डग्गा वाजला की दोन्ही बाजू पाच डेसिबल उतरतात आणि गायिका जागेवर राहून दबते, एखाद्या नाजूक मुरकीच्या मधोमध. इथून पुढे नुसतं लिंक लावा किंवा काढा एवढ्याने भागत नाही. जोडलेला डिटेक्टर दोन चॅनलचा हिशेब कसा करतो, ते पाहावं लागतं. काही यंत्रं दोहोंतला जो मोठा असेल त्याचंच ऐकतात. काही दोघांची नुसती बेरीज करतात. त्यात मध्यभागाचा आवाज दुप्पट धरला जातो आणि उलट्या फेजमधला आवाज एकमेकांना खाऊन डिटेक्टरच्या नजरेतून निसटतो. सिंथेसायझरचा एखादा फार रुंद पॅड असा निसटतो आणि लिमिटर असूनही टोकं बाहेर येतात. काही यंत्रं दोन्ही बाजूंच्या ऊर्जेची बेरीज करतात. फेजचा त्यांच्यावर परिणाम होत नाही आणि कानाच्या अंदाजाशी त्यांचं बरंचसं जमतं. मला विचाराल तर संपूर्ण मिक्सवर मी हाच हिशेब पसंत करतो. लिमिटरवर मात्र ‘जो मोठा त्याचं ऐका’ याला पर्याय नाही.

आपल्या उदाहरणातला आजार याने अर्धाच बरा होतो. डग्ग्याचा मूळ सूर शंभर हर्ट्झच्या खालीवर असतो आणि मिक्समधली बरीचशी ऊर्जा तिथेच असते. साइडचेनवर दीडशे हर्ट्झच्या आसपास हायपास लावला, तर डग्गा ऐकू सगळा येतो, डिटेक्टरला मात्र त्याची फक्त वरची थाप कळते. एपीआय २५०० मध्ये ‘थ्रस्ट’ नावाचं बटण थोडंफार हेच करतं आणि तेच यंत्र लिंकसुद्धा ५० ते १०० टक्के असा पायऱ्यांनी देतं. सत्तर टक्क्यांवर ठेवलं तर गायिका किंचित हलते, किंचित दबते आणि दोन्ही सहसा लक्षात येत नाही. ही तडजोडच आहे, पण मिक्सिंग म्हणजे दुसरं काय असतं?

वेळेचं तसंच. दायांच्या चाटीवरचा ‘ना’ घ्या. सुरुवातीचे काही मिलिसेकंद बोटाचा आघात, मग पुडीचा लावलेला सूर. अटॅक एक मिलिसेकंद ठेवला तर आघात कापला जातो, सूर वर येतो आणि तबला मागे, मऊ, दूर बसल्यासारखा वाटतो. अटॅक तीस मिलिसेकंद ठेवला तर आघात जसाच्या तसा निघून जातो, दबतो तो सूर, आणि तबला पुढे येऊन टोचायला लागतो. दोन्ही वेळा मीटर चार डेसिबलच दाखवेल. एवढ्यासाठीच मीटरकडे पाहून केलेल्या कॉम्प्रेशनवर माझा विश्वास नाही.

रिलीजचा हिशेब लयीशी बांधलेला असतो. द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची धरली आणि मात्रेत चार बोल असले, तर दोन बोलांमध्ये साठ-बासष्ट मिलिसेकंदच उरतात. रिलीज तीनशे मिलिसेकंद असेल तर गेन कधी वर येणारच नाही. कॉम्प्रेसर लावूनही व्हॉल्यूम कमी करण्यापलीकडे काही घडणार नाही. तोच रिलीज विलंबित एकतालात, जिथे एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, दोन बोलांमधल्या शांततेत पूर्ण सुटतो आणि तेवढ्या अवधीत तंबोरे फुगून वर येतात. इंग्रजी पुस्तकांत या ‘पंपिंग’ची उदाहरणं ड्रमच्या झांजांची असतात. आपल्याकडे तंबोरा याहून जास्त चुगलखोर आहे. तो कधी थांबत नाही, त्याची पातळी बदलायचं काही कारण नसतं, त्यामुळे गेन एक डेसिबल जरी हलला तरी तंबोऱ्यात ते कळतं. रिलीज तपासायला याच्याइतकं चांगलं साधन मला अजून भेटलेलं नाही. उलट रिलीज फार जलद केला, अटॅकही जलद ठेवला, तर दुसरी आपत्ती. पन्नास हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचं. गेन त्या आवर्तनाच्याच मागे धावायला लागतो, लाटेचा आकार बदलतो आणि डग्गा किंवा बास फाटल्यासारखा घरघरतो.

यंत्रावर छापलेल्या आकड्यांबद्दल एक इशारा. एका कंपनीचे दहा मिलिसेकंद दुसरीच्या दहा मिलिसेकंदांइतके असतीलच असं नाही. कोणी गेनची वाटचाल ६३ टक्के होईपर्यंतचा वेळ मोजतो, कोणी ९० टक्के. शिवाय डिटेक्टर आवाज दाबल्यानंतरचा पाहतो की आधीचा, यावरही प्रत्यक्ष वेग बदलतो. जुन्या यंत्रांपैकी बरीचशी दाबल्यानंतरचा पाहणारी आहेत आणि त्यांचा मवाळपणा त्यातून येतो. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेली ‘व्होकलसाठी सेटिंग’ आपल्या प्लगइनमध्ये टाकणं व्यर्थ आहे. या पुस्तकात सेटिंगचा एकही तक्ता नाही, तो याच कारणाने.

डिजिटलमध्ये आल्यावर बंधनं गेली. आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडून डिटेक्टरला पुढचं आधीच दाखवता येतं, अटॅक शून्य करता येतो, लिंक टक्क्यात मागता येतो. डिटेक्टर कुठे बसवावा आणि वेळेचं गणित डेसिबलमध्ये करावं की सरळ पातळीवर, याची नेटकी चर्चा जानूलिस, मासबर्ग आणि रीस यांनी २०१२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात केली. स्वतःचा कॉम्प्रेसर लिहू पाहणाऱ्याने ती वाचल्याशिवाय सुरुवात करू नये. पण बंधनं गेल्याने गोंधळही वाढला. साठ वर्षांपूर्वी सहा जागांचा स्विच होता. आज एका खिडकीत वीस नॉब असतात आणि त्यातला ‘स्टिरिओ लिंक’ बहुतेकांनी आहे तिथेच सोडलेला असतो.

हा विषय आत्ता का? एक तर मोठ्या आवाजाची शर्यत हळूहळू निरर्थक झाली आहे. लाउडनेस मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक बीएस.१७७० हे २००६ चं. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) ही पातळी ठरवली. स्ट्रीमिंगवाले उणे १४ च्या आसपास आणून ठेवतात. गाणं कितीही दाबून मोठं केलं तरी तिथे ते पुन्हा खाली ओढलं जातं. मोठेपणा मिळत नसेल तर कॉम्प्रेशन कशाला? आकारासाठी, आघात आणि सूर यांच्या तोलासाठी, आणि ते काम सगळं वेळेच्या नॉबवर चालतं. बीएस.१७७० या मानकात वेगवेगळ्या चॅनलच्या ऊर्जेची बेरीज होते, म्हणजे तुमचा मिक्स मोजणारं यंत्रही एक स्टिरिओ डिटेक्टरच आहे. दुसरं, ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण इअरफोनवर ऐकतात, तिथे मधला आवाज सरकलेला लगेच कळतो. आणि तेच गाणं संध्याकाळी एका ब्लूटूथ स्पीकरवर जवळजवळ मोनो होऊन वाजतं. एकच मिक्स दोन्हीकडे उभा राहायचा असेल, तर डिटेक्टर कोणाचं ऐकतो हे आपल्याला ठाऊक हवं.

या पुस्तकाचा वाचक मी असा धरला आहे: नाशिक, कोल्हापूर किंवा पुण्याच्या एखाद्या खोलीत, गालिचे टांगलेल्या भिंतींमध्ये भावगीत, कीर्तन, पॉडकास्ट किंवा एकांकिकेचं पार्श्वसंगीत मिक्स करणारा. त्याच्याजवळ फेअरचाइल्ड नाही आणि येण्याची शक्यताही नाही. सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेला कॉम्प्रेसर आहे. त्या फुकटच्या कॉम्प्रेसरवर या पुस्तकातलं जवळजवळ सगळं करून पाहता येतं. गणित आहे, पण दहावीच्या पलीकडचं नाही. ‘कानाने करा, बाकी सोडा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कानाला काय शोधायचं हे आधी माहीत असलं तर तो लवकर शोधतो, एवढंच माझं म्हणणं. सगळी उदाहरणं शक्य तिथे आपल्याकडच्या वाद्यांची घेतली आहेत. ढोलकी, संबळ, पखवाज यांच्यासाठी कोणताही प्रीसेट परदेशातून येत नाही.

मल्टिबँड कॉम्प्रेसर आणि डी-एसर इथे मुद्दाम घेतलेले नाहीत. तिथे प्रत्येक पट्ट्याचा डिटेक्टर वेगळा, त्याचा लिंक वेगळा, वेळा वेगळ्या, आणि पट्टे एकमेकांना जोडायचे फिल्टर फेजमध्ये आपली भर घालतात. सराउंड आणि अ‍ॅटमॉसच्या मिक्सचा प्रश्नही तसाच, मधल्या स्पीकरमधल्या संवादाने मागच्या स्पीकरचा पाऊस दबावा का इथून सुरू होणारा. त्याची चर्चा शेवटाकडे ओझरती आली आहे. ज्यांना ती अपुरी वाटेल त्यांनी दोन चॅनलमधली सगळी उदाहरणं आधी स्वतःच्या मिक्सवर लिंक लावून, काढून आणि अर्धा ठेवून ऐकावीत.